वर्गणीवर चालणारं सॉफ्टवेअर बांधताना भिंती कुठे घालायच्या?

रानजाई:

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं मी आणि माझी मैत्रीण मिळून सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी एक सॉफ्टवेअर चालवतो. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकी, सभासदांच्या नोंदवह्या, वर्षअखेरचा ताळेबंद. ब्राउझरमध्ये उघडायचं आणि संस्थेनं वर्षाची वर्गणी भरायची. असं काही नव्यानं करू बघणारी मुलं इथे नेहमी विचारतात, कुठली भाषा घेऊ, कुठलं फ्रेमवर्क घेऊ. काहीही घ्या. त्याआधी एक गोष्ट ठरवा: एकच सॉफ्टवेअर शंभर संस्था वापरणार असतील तर एकीची माहिती दुसरीला दिसू नये म्हणून त्यांच्यामधल्या भिंती कुठे आणि कशाच्या? स्क्रीन वर्षभरानं बदलता येते. भिंत नंतर घालायला गेलं की सगळं घर उकरावं लागतं. आम्ही उकरलंय, म्हणून हा धागा.

दुसऱ्या वर्षाची गोष्ट. एक एप्रिल, रात्रीचे साडेनऊ. एका संस्थेच्या खजिनदारांचा फोन आला. "ताई, आमच्या बिलावर सी विंग कुठून आली? आमची तर एकच बिल्डिंग आहे." मी बिल उघडलं. वर नाव, पत्ता, फ्लॅट नंबर, थकबाकी, सगळं भलत्याच संस्थेतल्या एका सभासदाचं. माझे हातपाय गार पडले.

डेटाबेसच्या प्रत्येक टेबलात संस्थेचा क्रमांक होता, डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नात, म्हणजे क्वेरीत, तो तपासलाही जात होता. चूक होती फाइलच्या नावात. बिलाची पीडीएफ साठवताना आम्ही वर्ष, महिना आणि बिल क्रमांक एवढ्यावरच नाव पाडत होतो. प्रत्येक संस्थेचे बिल क्रमांक एकपासून सुरू होतात. एक तारखेला दोन संस्थांची बिलं एकाच वेळी तयार व्हायला लागली, दुसरीच्या १०४ नंबरच्या फाइलनं पहिलीची १०४ नंबरची फाइल पुसली, आणि पहिलीच्या सभासदाला मेल गेला तो दुसरीचं बिल घेऊन. डेटाबेसच्या दाराला कुलूप होतं, फाइलींच्या कोठीला दारच नव्हतं.

त्या रात्री आधी मेल पाठवणं बंद केलं. कुणाचं बिल कुणाला गेलं त्याची यादी काढली, ४१ निघाली. दोन्ही संस्थांच्या सचिवांना त्याच रात्री फोन केला आणि काय घडलं ते जसंच्या तसं मेलवर लिहून दिलं. एका कमिटीनं मीटिंगला बोलावलं, आम्ही दोघी गेलो. दुसरी संस्था वर्ष संपल्यावर सोडून गेली. त्यांचा राग रास्त होता. कुणाची किती थकबाकी आहे हे बाहेर जाणं ही सोसायटीत लहान गोष्ट नसते.

तेव्हापासून संस्थेचा क्रमांक जिथे जिथे काहीही साठतं तिथे आहे: फाइलच्या मार्गात, कॅशच्या (पटकन मिळावं म्हणून बाजूला ठेवलेल्या प्रतींच्या) किल्लीत, रांगेत टाकलेल्या प्रत्येक कामात, लॉगच्या प्रत्येक ओळीत. मेलला पीडीएफ जोडण्याआधी तिच्यातला संस्थेचा नोंदणी क्रमांक पुन्हा ताडून पाहिला जातो. आणि सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे चाचणीसाठी केलेल्या दोन खोट्या संस्था. दोघींचे फ्लॅट नंबर तेच, बिल क्रमांक तेच, सभासदांची नावंसुद्धा तीच, फक्त रकमा वेगळ्या. नवी आवृत्ती चढवण्याआधी दोघींची बिलं एकाच वेळी काढायची. एकीचा एक रुपया जरी दुसरीकडे दिसला तरी आवृत्ती थांबते.

नावाबद्दलही एक सांगते. इंजिनियर मंडळी अशा प्रत्येक ग्राहकाला टेनंट म्हणतात. आमच्याकडे टेनंट म्हणजे फ्लॅटमधला भाडेकरू. पहिले सहा महिने कोडमध्ये दोन्ही अर्थ नांदत होते आणि त्यातून दोन चुका झाल्या. आता कोडमध्ये "संस्था" आणि "भाडेकरू" असेच शब्द आहेत. ज्यांच्यासाठी बांधताय त्यांचे शब्द कोडमध्ये घ्या, फार फरक पडतो.

बाकी लोकांचे अनुभव ऐकायला आवडतील.

कोरीपाटी:

वाखु (वाचनखूण) साठवली. मी डिप्लोमा करून नुकताच लागलोय, त्यामुळे प्रश्न बाळबोध असेल. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ओळीच्या पातळीवरची सुरक्षा (कुणाला कुठल्या ओळी दिसाव्यात हा नियम डेटाबेसमध्येच) असते ना? ती लावली की प्रत्येक क्वेरीत संस्था क्रमांक लिहायची गरजच उरत नाही, बरोबर?

खडीसाखर:

@कोरीपाटी, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, यात भलेभले अडकतात. ही सुरक्षा, म्हणजे रो लेव्हल सिक्युरिटी, पोस्टग्रेसच्या ९.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आहे आणि ती जरूर लावा. पण दोन खाचखळगे माहीत असू द्या.

पहिला: टेबलाचा मालक असलेल्या युजरला हा नियम लागूच होत नाही. बहुतेक ठिकाणी ज्या युजरनं टेबलं तयार केली त्याच युजरनं अ‍ॅप्लिकेशनही चालतं. म्हणजे नियम कागदावर आहे आणि प्रत्यक्षात सगळं उघडं. एक तर अ‍ॅप्लिकेशनसाठी वेगळा, कमी अधिकारांचा युजर करा, नाहीतर टेबलावर "फोर्स" लावा, म्हणजे नियम मालकालाही लागू होतो. सुपरयुजरला मात्र फोर्सनंही अडवता येत नाही.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. चालू संस्था कोणती हे आपण कनेक्शनवर एक सेटिंग ठेवून सांगतो. ती कनेक्शनं पूलमधून (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यातून) येतात, काम झालं की परत जातात आणि पुढच्याला मिळतात. साधं "सेट" वापरलं तर मागच्याची संस्था त्या कनेक्शनला चिकटून राहते. पुढच्या कोडनं स्वतःची संस्था लावायला विसरलं की मागच्याचा डेटा दिसतो, एरर काहीच येत नाही. "सेट लोकल" वापरा, तेही ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या कामांच्या गटाच्या) आत. ट्रान्झॅक्शन संपलं की सेटिंग आपोआप जातं. आणि संस्था लावलेली नसेल तर एकही ओळ दिसू नये अशी पॉलिसी लिहा.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर: क्वेरीतही संस्था क्रमांक लिहायचाच. इंडेक्स (शोध वेगात व्हावा म्हणून केलेल्या सूची) त्यावरच चालतात, आणि एक भिंत पडली तर दुसरी उभी राहते. शिवाय रानजाईंची चूक डेटाबेसच्या बाहेर होती. तिथे यातलं काहीच कामाला आलं नसतं.

जुना_सचिव:

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी सॉफ्टवेअरवाला नाही. आमच्या ६४ फ्लॅटच्या संस्थेत नऊ वर्षं सचिव होतो आणि वह्या सोडून अशा सेवेवर जाण्याचा आग्रह माझाच होता (रानजाईंची सेवा नव्हे, दुसरी).

आमची कमिटी बदलली. नवे सचिव आले, दप्तर हस्तांतर झालं, शिक्के, चेकबुक, इतिवृत्ताची वही, सगळं सह्यांनिशी दिलं. सॉफ्टवेअर देता येईना! खातं माझ्या मोबाईल नंबरावर उघडलेलं होतं. नव्या सचिवांनी लॉगिन केलं की ओटीपी मला यायचा. मी तेव्हा मुलीकडे गेलेलो. ते रात्री अकराला फोन करायचे, "काका, नंबर सांगा." असं पाच महिने चाललं. कंपनीत विचारलं तर म्हणाले, मूळ खातेदार बदलायची सोय नाही, नवं खातं उघडा. मग मागच्या सात वर्षांच्या नोंदींचं काय?

दुसरं. वर्गणीचा चेक दोन सह्यांचा असतो. अध्यक्ष परगावी होते, चेक बारा दिवस उशिरा गेला. दरम्यान कंपनीनं खातं बंद केलं. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि आमची तोंडावर आली होती. थकबाकीची यादी काढता येईना. शेवटी खजिनदारांनी जुन्या पावत्यांवरून हातानं यादी केली, दोन रात्री बसून.

तुम्ही तरुण मंडळी बांधताय, तर एवढं बघा. हिशोब संस्थेचा असतो, माणसं येतात-जातात.

रानजाई:

काका, तुम्ही लिहिलंत ते कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. मनापासून आभार.

खात्याचा मालक म्हणजे संस्था, हे आम्हीही उशिरा शिकलो. आता मोबाईल नंबर माणसाचा असतो, आणि माणूस संस्थेत एका पदावर ठरावीक तारखेपासून ठरावीक तारखेपर्यंत असतो. सचिव बदलायचा असेल तर अध्यक्ष किंवा खजिनदार यांच्यापैकी एकानं मागणी करायची, दुसऱ्यानं मंजूर करायची. चेकला दोन सह्या लागतात तशा इथेही दोन. जुन्या सचिवांनी केलेल्या नोंदींवर त्यांचंच नाव राहतं, त्यांचा प्रवेश तेवढा संपतो.

वर्गणी उशिरा आली तर आम्ही खातं बंद करत नाही. मुदतीनंतर ४५ दिवस सगळं चालू, त्यानंतर नवी बिलं काढता येत नाहीत, पण वाचणं, छापणं, उतरवून घेणं कायम सुरू. सुरुवातीला मैत्रीण म्हणाली होती की असं केलं तर लोक पैसेच देणार नाहीत. तसं झालं नाही. ज्यांना पुढच्या महिन्याचं बिल काढायचंय ते देतातच.

दर आम्ही फ्लॅटमागे ठेवलाय, वापरणाऱ्या माणसांमागे नाही. आधी माणशी ठेवला होता, तेव्हा पूर्ण कमिटी एकच पासवर्ड वापरायची आणि कुणी काय नोंद केली ते कळायचं नाही. दर चुकीच्या गोष्टीला लावला की सगळी रचना वाकडी होते.

उनाडवारा:

आमचं गिऱ्हाईक वेगळं आहे. खासगी शिकवणीवाल्यांसाठी हजेरी आणि फीचं सॉफ्टवेअर, नाशिकहून चालवतो. एकटादुकटा शिक्षक, महिन्याला वर्गणी. इथे चेक चालत नाही, आपोआप पैसे कापले जायला हवेत.

नव्यांसाठी सांगतो: १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झाले. पहिल्या वेळी ग्राहकानं ओटीपीनं मंजुरी द्यायची, आणि नंतर दर वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना जायला हवी. तेव्हा ओटीपीशिवाय कापायची मर्यादा ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. यूपीआय ऑटोपे त्याआधी २०२० सालीच आलं होतं, आमच्या बहुतेक शिक्षकांना तेच सोयीचं पडतं.

याचा रचनेवर परिणाम असा की "पैसे भरले" आणि "पैसे नाही भरले" अशा दोनच अवस्था ठेवून भागत नाही. सूचना गेली, कापायला पाठवले, बँकेकडून उत्तर यायचंय, नाकारले, पुन्हा प्रयत्न, ग्राहकानं परवानगीच काढून घेतली, या सगळ्या अवस्था खऱ्या आहेत. आणि पैसे वळते करणाऱ्या पेमेंट गेटवेकडून एकच निरोप दोनदा येऊ शकतो. आम्ही प्रत्येक निरोपाचा क्रमांक नोंदतो, तोच पुन्हा आला तर शांतपणे "मिळाला" म्हणून सोडून देतो. हे आधी नव्हतं तेव्हा एका बाईंच्या खात्यावर एका महिन्याच्या पैशात दोन महिन्यांची मुदत वाढली होती. त्यांनी स्वतःहून फोन करून सांगितलं.

हिशेबनीस:

सीए आहे, संस्थांचं ऑडिट करतो. अशा सॉफ्टवेअरमधून आलेले हिशोब रोज डोळ्यांखालून जातात, म्हणून दोन ठिकाणी थांबतो.

बिल क्रमांक. जीएसटी लागू असलेल्या बिलाचा क्रमांक सलग हवा, एका आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा. सॉफ्टवेअरवाले हे काम डेटाबेसच्या सीक्वेन्सवर (आपोआप पुढचा क्रमांक देणाऱ्या सोयीवर) सोडतात. मध्ये ट्रान्झॅक्शन फसलं की तो क्रमांक वाया जातो, कारण सीक्वेन्स मागे येत नाही. मग आमच्यासमोर ३१ नंतर ३३ येतं आणि ३२ कुठे गेलं याचं उत्तर कुणाकडेच नसतं. संस्थेगणिक, वर्षागणिक एक मोजणीची ओळ ठेवा, बिलाच्या त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती कुलूपबंद करून वाढवा. थोडं हळू चालेल. बिलं महिन्यातून एकदा निघतात, चालू दे हळू.

दुसरं म्हणजे तारखा. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच सापडतात. नियम बदलतात, आणि ते एका दिवसापासून बदलतात. सभासद संस्थेला देतात त्या मेंटेनन्सच्या वर्गणीवर जीएसटी कधी लागतो? सभासदामागे महिना ७,५०० रुपयांच्या वर वर्गणी आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर, दोन्ही असेल तर. पण ही ७,५०० ची मर्यादा २५ जानेवारी २०१८ पासूनची, त्याआधी ५,००० होती. कोडमध्ये कुणी ७,५०० हा आकडा तसाच लिहून ठेवला असेल तर डिसेंबर २०१७ चं बिल आज पुन्हा काढल्यावर चुकीचं येईल. थकबाकीवरच्या व्याजाचंही तेच. २०१४ च्या आदर्श उपविधींत (संस्थांच्या नमुना नियमावलीत) कमाल सरळव्याज सालाना २१ टक्के आहे, पण प्रत्यक्ष दर सर्वसाधारण सभा ठरवते. एका संस्थेत १८, शेजारी १२. आणि ठराव जूनमध्ये झाला तर मेपर्यंत जुना दर. बिनभोगवटा शुल्क (स्वतः न राहता फ्लॅट भाड्यानं दिला की लागणारं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, तरी मी एका सॉफ्टवेअरमध्ये ते एकूण बिलावर लावलेलं पाहिलंय, घरपट्टीसकट. सभासदानं हरकत घेतली आणि तीन वर्षांचे पैसे परत द्यावे लागले. म्हणून प्रत्येक दरापुढे "कधीपासून" हा रकाना हवाच, आणि ज्या ठरावानं तो बदलला त्याची तारीखही.

आणि एकदा दिलेलं बिल पुन्हा बदलू देऊ नका. वहीत आपण खाडाखोड करत नाही, उलट नोंद टाकतो. सॉफ्टवेअरमध्येही तसंच हवं.

सातारी:

मूळ मुद्द्याशी थोडा असहमत आहे. एकाच डेटाबेसात सगळ्यांना कोंबून मग भिंती शोधत बसण्यापेक्षा प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र डेटाबेस का देऊ नये? आम्ही दवाखान्यांसाठी करतो, प्रत्येकाचा वेगळा. एका दवाखान्यातल्या ऑपरेटरनं चुकून महिन्याच्या नोंदी उडवल्या. मी फक्त त्यांचा डेटाबेस आदल्या रात्रीवर नेला, वीस मिनिटांत काम झालं. तुमच्याकडे हे कसं करणार? सगळ्यांना मागे नेलं तर बाकीच्या संस्थांच्या आजच्या पावत्या जातील.

रानजाई:

@सातारी, रुग्णांची माहिती असेल तर मीही वेगळाच डेटाबेस दिला असता. तुमच्याकडे ग्राहक किती? आमच्याकडे १६ फ्लॅटच्या चाळवजा इमारतीही आहेत, त्यांची वर्षाची वर्गणी इतकी थोडी की स्वतंत्र डेटाबेसचा सांभाळ परवडत नाही. रकाना वाढवायचा म्हटलं तरी प्रत्येक डेटाबेसात जाऊन वाढवायचा, मध्येच तीन ठिकाणी फसला तर कोण कुठल्या आवृत्तीवर ते शोधत बसायचं.

मागे नेण्याबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, तिथे आम्हाला जास्त कष्ट पडतात. आम्ही पूर्ण बॅकअप बाजूच्या रिकाम्या सर्व्हरवर चढवतो आणि त्यातून त्या एका संस्थेच्या ओळी उचलून आणतो. पहिल्यांदा केलं तेव्हा पूर्ण रविवार गेला, कारण कुठलं टेबल आधी भरायचं तो क्रमच लिहून ठेवलेला नव्हता. आता दर तीन महिन्यांनी एक संस्था निवडून सराव करतो.

मोठ्या ग्राहकाचा त्रास मात्र सोसावा लागला. १,२०० फ्लॅटची एक टाउनशिप आली. एक तारखेला त्यांची बिलं रांगेत पुढे लागली की मागच्या छोट्या संस्था तास-तास ताटकळायच्या. आता रांगेतून प्रत्येक संस्थेची थोडी थोडी कामं आळीपाळीनं उचलतो.

खडीसाखर:

+१. आणि दोन्हीचा मध्यही असतो. सगळे एकत्र, पण टाउनशिपसारखे दोन-तीन मोठे वेगळ्या डेटाबेसवर. कोड तोच ठेवायचा, संस्था क्रमांकावरून कुठे जायचं ते कळलं की झालं. फक्त एका बड्या ग्राहकासाठी कोडची वेगळी प्रत काढू नका. मी एका ठिकाणी अशा सात प्रती सांभाळल्यात. एक दुरुस्ती सात वेळा करायची, आणि सातवीत ती हमखास राहून जायची.

अक्षरवेडा:

मराठीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

सभासदांच्या यादीत "कऱ्हाडकर" शोधा. अर्ध्या वेळा सापडणार नाहीत. या नावातला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: कुणी खालच्या टिंबाचा ऱ घेऊन हलन्त देतं, कुणी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटतात. साठवताना एकाच रूपात आणा, शोधतानाही.

क्रम लावतानाही असंच. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, पण नुसत्या युनिकोड क्रमांकावर (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या आकड्यावर) लावला तर ल च्या लगेच नंतर. मतदार यादी छापली की ज्येष्ठ सभासदांच्या हे पहिल्या नजरेत लक्षात येतं. डेटाबेसला मराठी कोलेशन (क्रम लावायचे नियम) सांगा.

आणि पीडीएफ. बऱ्याच लायब्ऱ्या अक्षरं एकामागून एक मांडतात, जोडाक्षरं घडवत नाहीत. "श्री" तुटतं, "किल्लेदार"मधली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाते. एचटीएमएल करून ब्राउझरच्या इंजिनातून छापलं तर नीट येतं. ज्याच्या घरी बिल जातं त्याचं नाव तरी धड छापलं जावं, एवढी अपेक्षा जास्त नाही.

रानजाई:

@अक्षरवेडा, आत्ताच आमच्याकडे शोधून पाहिलं. एकाच संस्थेत दोन कऱ्हाडकर आहेत, एकच सापडले. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

कोरीपाटी:

शेवटचा प्रश्न. संस्था सोडून जाते तेव्हा तुम्ही नेमकं काय देता?

रानजाई:

एक झिप. त्यात एक्सेलच्या फाइली: सभासद, फ्लॅट, सगळी बिलं, पावत्या, खातेवही, थकबाकी. सोबत प्रत्येक बिलाची आणि पावतीची पीडीएफ, फ्लॅटनुसार फोल्डरमध्ये. आय आणि जे नमुन्याच्या, म्हणजे सभासदांच्या, नोंदवह्या छापायला तयार. बटण सचिवांना आणि खजिनदारांना कायम दिसतं, वर्गणी संपलेली असली तरी. आम्हाला फोन करावा लागत नाही. हे बटण आम्ही सगळ्यात शेवटी बनवलं होतं आणि ते सगळ्यात आधी बनवायला हवं होतं, कारण नवी संस्था विचार करत असते तेव्हा कमिटीतले लोक हेच आधी विचारतात.

जुना_सचिव:

नामनिर्देशनाचं रजिस्टर त्यात आहे का? सभासद गेला की पहिली शोधाशोध त्याचीच होते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉमिनीचं नाव स्क्रीनवर होतं, उतरवून घेतलेल्या फाइलीत नव्हतं. पन्नासएक नावं पुन्हा हातानं लिहून काढली.

रानजाई:

नाही काका, आमच्याही फाइलीत नाही. नॉमिनीचं नाव, हिस्सा आणि कमिटीनं नोंद घेतल्याची तारीख, असे तीन रकाने या आठवड्यात घालते. आणखी काही राहिलं असेल तर सांगा.

जुना_सचिव:

भाग दाखल्याचा (शेअर सर्टिफिकेटचा) क्रमांकही घाला, सभासदाच्या नावासमोरच.